अकरा हात

प्रयागबाईची रामी लग्न होऊन शेलूबाजारला नांदायला गेली, ते साल एकोणीसशे चौपन्न. लग्न जानेवारीत लागलं आणि फेब्रुवारी उजाडला तसा प्रयागबाईच्या पोटातला गोळा उठू लागला. गोळा जुनाच होता. वाशीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वर्षभरापूर्वीच पोट दाबून सांगितलं होतं की हा कापून काढावा लागेल, उशीर करू नका. पण आधी रामीचं लग्न आडवं आलं, आणि लग्नाहून मोठी अडचण म्हणजे रूपला.

रूपला नाल्याकाठच्या झोपडीत राहायचा. म्हातारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि उजव्या पायाला काही केल्या न भरणारी जखम. त्याचा तांडा दर हिवाळ्यात खडी फोडायला लांब निघून जायचा तो मिरगाच्या तोंडावर परतायचा. तोवर रूपलाला कोणी नव्हतं. प्रयागबाईचं सोडून गावात ख्रिस्ती घरं सात. प्रयागबाई रोज सातही दारांशी जाऊन मूठ मूठ ज्वारीचं पीठ मडक्यात घ्यायची, घरी येऊन दोन भाकरी थापायची, आणि भाकर न् पाण्याची कळशी घेऊन नाल्यावर जायची. पाय धुऊन चिंधी बदलायची. उरलेलं पीठ अडल्यानडल्या दिवसासाठी मडक्यातच राहायचं. मूठ टाकणारी सातही घरं समजून होती की रूपलाला आपण पोसतो. एका अर्थानं ते खरंच होतं. मुठीच्या पुढचं काम तेवढं प्रयागबाईचं.

रूपलाला उपकाराची भाषा येत नव्हती.

"आज भाकर जाड झाली वं बाई," तो म्हणायचा. "तुह्या देवाले चालते का अशी?"

"माह्या देवाले दात हायेत. तुले नाईत म्हनून जाड लागते. खाय मुकाट्यानं."

"काल मिरची कमी होती."

"उद्या तुलेच पाट्यावर बसवतो."

चार हिवाळे असे गेले होते. पण गोळा आता रात्री झोपू देईना, तेव्हा प्रयागबाईनं ठरवलं की रविवारी प्रार्थनाघरात, भक्तीच्या वेळी उभं राहून विचारायचं. आठ दिवस रूपलाची भाकर कोणी पाहिली तर आपण वाशीमला जाऊ, नाहीतर नाही.

आता या प्रार्थनाघरात हात वर करायची एक चाल होती. कधीकाळी तंबूत सभा घ्यायला आलेल्या उपदेशकांनी ती लावली होती. "प्रभूच्या मागं कोण कोण येणार? हात वर करा!" असं ते विचारायचे. उपदेशक तंबू गुंडाळून गेले, चाल राहिली. पाळक जगदेव यांना ती फारच आवडली. छपरावर नवं गवत टाकायला कोण येईल? हात वर. आजाऱ्यांच्या घरी कोण जाईल? हात वर. दर वेळी सगळे हात वर जायचे, आणि खाली आले की काम झाल्यासारखं सगळ्यांना हलकं वाटायचं. छपरावर गवत मग प्रयागबाई आणि रामी टाकायच्या. पूर्वी लोक निदान गाणी तरी म्हणत. मिशनकडून चावीचा ग्रामोफोन आल्यापासून तेही राहिलं नव्हतं. जगदेव चावी द्यायचे, तबकडी गायची आणि मंडळी मान डोलवायची.

प्रयागबाई उठून बोलली तेव्हा मंडळी कळवळली. कस्तुराबाईनं डोळ्याला पदर लावला. जगदेव उभे राहिले.

"आपल्या भगिनीची सेवा पुढं कोण चालवनार? हात वर करा."

अकरा हात वर गेले. पाळक सोडले तर मंडळीत प्रयागबाई धरून बाराच मोठी माणसं होती.

"पाह्यलं का, प्रयागमाय?" जगदेव गहिवरून म्हणाले. "अकरा हात! तुमाले एकच पाह्यजे होता."

"व्हय, एकच पाह्यजे," प्रयागबाई म्हणाली. "मले नाव सांगा."

नाव म्हटल्यावर हात हळूहळू मांडीवर आले. नानाजी छताकडं पाहू लागला. शेवटी त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली, "मी देतो ना, माय. त्यात काय एवढं? तुमी बिनघोर जा."

प्रयागबाईनं त्याच दुपारी पिठाचं मडकं तिच्या घरी नेऊन दिलं आणि रूपलाला सांगायला गेली.

"आठ दिवस मी नाई. कस्तुरा येईल. तिच्यासंगं नीट बोलजो."

"कोनं ठरवलं हे?"

"भक्तीत ठरलं. अकरा हात वर झाले."

रूपलानं घास चावून गिळला. "वर केलेल्या हातानं भाकर थापता येते का वं?"

"गप्प राय. येईल ती."

"आन् नाई आली तं?"

"तं मी हाओ ना," प्रयागबाई सवयीनं बोलून गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तीच तर चालली आहे.

सोमवारी सकाळी नानाजीची बंडी दारात आली. रिकामी बंडी वाशीमला कशाला न्यायची म्हणून नानाजीनं तीत कापसाची दोन पोती टाकली होती. पोत्यांवर कस्तुराबाई बसली होती.

"तू कुठं चालली?" प्रयागबाईनं विचारलं.

"ह्याइच्या खान्याचे हाल होतात ना वं माय, एकटे गेले का. पन तुमी कायजी करू नोका. मोतीले सांगतलं म्या. मडकं तिच्या घरी पोचवलं."

प्रयागबाईनं बंडी मोतीबाईच्या दारावरून घ्यायला लावली. मोतीबाई ओल्या हातानं बाहेर आली. "मी हाय ना, माय! इथून कुठं जाऊन राह्यली मी?" मडकं तिच्या चुलीजवळ दिसत होतं. तेव्हा कुठं प्रयागबाई पोत्यांच्या कडेला अंग चोरून बसली, आणि मालेगाव-वाशीम रस्त्याचा एकेक खड्डा पोटात घेत वाशीमला पोचली.

मंगळवारी गोळा निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो बशीत ठेवून दाखवला. "दहा दिवस हलायचं नाही," त्या म्हणाल्या.

मोतीबाईनं सोमवार, मंगळवार, बुधवार नेमानं भाकर नेली, चिंधी बदलली. पण बुधवारी संध्याकाळी जगदेव प्रार्थनाघरात म्हणाले की आपली भगिनी तिकडं मृत्यूशी झुंजते आणि आपण इथं बसून काय करतो? आपण वाशीमला जाऊन, दवाखान्याच्या ओट्यावर तीन दिवस उपास-प्रार्थना करू. मंडळी पेटून उठली. पुष्कळांना वाशीमच्या बाजारात कामंही होती. मोतीबाई म्हणाली, "मले नाई येता येनार, बाप्पा. रूपलाची भाकर हाय माह्याकडं."

"एका भाकरीसाठी तू प्रार्थनेले मुकशील?" जगदेव म्हणाले. "मागं राहून हे काम कोण करील? हात वर करा."

नऊ हात वर गेले. नऊच मंडळी होती, कारण नानाजी आणि कस्तुराबाई आधीच वाशीमला. मोतीबाईचाही हात त्यात होता. सवय. पण आठ दुसरे हात पाहून तिचा जीव भांड्यात पडला, आणि गुरुवारी सकाळी ती सर्व्हिस मोटारीत पहिल्या बाकावर बसली. उपास सुटेल तेव्हा एवढ्या माणसांच्या तोंडी काय घालायचं, म्हणून तिनं पिठाचं मडकंही सोबत घेतलं. आठ हातांपैकी कोणीतरी आपल्या घरच्या पिठाची भाकर देईलच. उरलेल्या आठांचाही असाच हिशेब होता. मोटार निघाली तेव्हा सगळे आत होते. मोटारीत बसल्यावर कोणी कोणाला मोजलं नाही. सगळी मिळून गात चालली होती, म्हणजे मांडीवरच्या ग्रामोफोनला जगदेव चावी देत चालले होते.

दवाखान्यातल्या नर्सनं मंडळींना वार्डात येऊ दिलं नाही. कस्तुराबाईला तेवढी दिवसातून एकदा मुभा होती. खिडकीतून ग्रामोफोन ऐकू यायचा. प्रयागबाईला आवाज ओळखीचा वाटला.

"पाळकसायेब आले का?"

"अवघे आले, माय. तुमच्यासाठी उपास करून राह्यले. चहा चालते. काल शेंगदाने बी चालले."

"आन् रूपलाची भाकर?"

"सोय लागली म्हनते मोती. नऊ हात वर झाले होते."

प्रयागबाई ग्लानीत होती. तिला नुसतं "मोती" आणि "सोय लागली" एवढंच ऐकू आलं.

शनिवारी दुपारी उपास सुटला. डॉक्टरीणबाईंनी प्रयागबाईलाही पहिल्यांदा भाकरीचा पापुद्रा खायला परवानगी दिली होती. कस्तुराबाई ताटलीत दुधात कुस्करलेली भाकर घेऊन आली. प्रयागबाईनं दोन घास खाल्ले. चार दिवसांनी तोंडाला चव आली होती.

"चांगली झाली हो भाकर. कोनं केली?"

"मोतीनं. ओट्याच्या मांगं चूल मांडली तिनं."

प्रयागबाईचा हात ताटलीत थांबला. "मोती इथं हाय?"

"गुरवारपासून हाय ना."

"पीठ कुठलं?"

"तुमच्याच मडक्यातलं, माय. भरलेलं होतं, बरं पुरलं साऱ्याइले."

प्रयागबाईनं तोंडातला घास ना गिळला, ना थुंकला. मग ती खाटेवरून पाय खाली सोडून उभी राहिली आणि भिंत धरत धरत ओट्यावर गेली. मंडळी पंगतीत जेवत होती. ग्रामोफोन चालू होता. तिला उभी पाहून जगदेव आनंदानं ओरडले, "चमत्कार! पाहा, भगिनी चालू लागली!"

"रूपलाले आज कोनं भाकर देल्ली?"

मोतीबाईनं नानाजीकडं पाहिलं. नानाजी म्हणाला, "मी तं सोमवारपासून इथंच हाओ, बुवा." मोतीबाईनं मग शेजारणीकडं पाहिलं. ती म्हणाली, "मले वाटलं तुमीच कोनाले तरी सांगून आल्या." असं करत नजर पंगतीच्या टोकापर्यंत गेली आणि जगदेवांपाशी येऊन थांबली. तबकडी संपून नुसती खरखर वाजत होती.

"गुरवार, शुक्रवार, शनिवार," प्रयागबाई म्हणाली. तीन दिवसांचा कडकडीत उपास मंडळीत एकट्या रूपलानंच केला होता, आणि तो तर मंडळीतला नव्हता.

जगदेव उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, त्यात खोटं काही नव्हतं. "आत्ताच्या आत्ता," ते म्हणाले, "तीनच्या मोटारीनं गावाले कोन जाते?"

अकरा हात वर गेले.

प्रयागबाईनं ते अकरा हात पाहिले, कोणाच्या बोटांना अजून भाकर चिकटलेली होती. तिनं लुगडं पोटाशी आवळलं आणि ती मोटारतळाकडं चालू लागली. मागून नर्स ओरडत धावली, तिच्यामागं जगदेव, त्यांच्यामागं ताटं टाकून अवघी मंडळी. उपासानं थकलेली असल्यामुळं मंडळी मोटारीत आधी चढली आणि बसली. प्रयागबाई एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं टाके धरून फाट्यापर्यंत उभी होती. जगदेवांनी दोनदा आपली जागा देऊ केली, पण मध्ये ग्रामोफोन असल्यामुळं त्यांना उठता आलं नाही.

फाट्यावर उतरून बाकीचे आधी घरी गाठोडी ठेवायला गेले. प्रयागबाई सरळ नाल्यावर गेली. झोपडी रिकामी होती. पलीकडं, पाण्यापासून वीसेक पावलांवर, गावचा गुराखी हेमला घोंगडीनं काहीतरी झाकत होता.

"दुपारी म्हशी पान्यावर आनल्या," हेमला म्हणाला, "तं हा वाटंवर पालथा पडून. हातात लोटा. अंग गरमच होतं. सरपटत पान्याकडं चालला होता वाटते, पन दिशा चुकली. पानी इकडं, आन् हा तिकडं."

"आवाज नाई देल्ला त्यानं?"

"देल्ला ना. परवापासून देऊन राह्यला होता. तुमचं नाव घेऊन शिव्या देत होता. म्हनलं, भाकर जाड झाली असन."

"मंग तू काहून नाई गेला रे?"

हेमला चकित झाला. "मी? तो तुमचा मानूस ना, माय? अख्खं गाव म्हनते, येशूवाले त्याले पोसतात."

प्रयागबाई खाली बसली आणि रूपलाच्या पायाची चिंधी सोडू लागली. ती बुधवारची होती.

थोड्या वेळानं मंडळी आली. जगदेवांनी टोपी काढली. मग त्यांनी विचारलं, "खड्डा कोन खनते?"

मावळत्या उन्हात हात वर गेले. प्रयागबाईनं मोजले नाहीत. ती उठली, शेजारच्या वावरात पडलेली कुदळ आणली आणि जमिनीत एक घाव घातला. दुसऱ्या घावाला तिच्या लुगड्यावर लाल डाग उमटला. हेमलानं तिच्या हातातून कुदळ काढून घेतली आणि तोच खणू लागला. हात अजून वरच होते.

टाके उसवल्यामुळं प्रयागबाई पुढं महिनाभर पडून होती. शेलूबाजारहून रामी येऊन राहिली, म्हणून तिला भाकर मिळाली. सातही घरांत तिच्यासाठी रोज प्रार्थना होत होती. जगदेवांनी मिशनला अहवाल पाठवला, त्यात लिहिलं की मंडळीनं तीन दिवस उपास केला, प्रार्थना ऐकली गेली, एक भगिनी बरी झाली, आणि सेवेसाठी अकरा जणांनी हात वर केले. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. राहून गेलं ते इतकंच, की तांड्यावरचा रूपला शनिवारी, तेरा फेब्रुवारी एकोणीसशे चौपन्न रोजी, दुपारी मेला.