आहेरात गेलेली सायकल

विक्रमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी हेमलता पिंपळनेरला आपल्या ओट्यापुढे सायकल धूत बसली होती. चाकाच्या तारा ती एकेक करून पुसत होती. परत द्यायची वस्तू इतकी घासूनपुसून कोणी देत नाही. पण पोरीने मळवून आणली, असं त्या घरात कोणी म्हणायला नको होतं.

"कोठे चालनी व सकायमाच?" तिची आई शेवंताबाई दारातून म्हणाली.

"सायकल परत देवानी शे. क्लासवरला विक्रम, त्यानी शे ती. आज त्यानं लगीन शे."

"मंग लगीनघरमा रिकामी जाशी? लोके काय म्हनतीन?"

शेवंताबाई आत गेली आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. हँडलला तिने पाच बोटं ओढली. कॅरिअरला नारळ आणि खण बांधला. हेमलता नको म्हणाली असती, पण नको का, ते सांगावं लागलं असतं. विक्रम हा क्लासवरचा एक मास्तर, एवढंच आईला माहीत होतं.

बाकीचं असं होतं. पिंपळनेरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोघंही शिकवत. विक्रमचं घर साक्रीच्या रस्त्यावरच्या गावात; इथे तो खोली करून राही. विक्रमला मध्येच एकदा तब्येत कमावण्याची हुक्की आली आणि त्याने गेअरची पिवळी सायकल घेतली. तिला साथीला म्हणून आपल्या भावाची जुनी सायकल आणून दिली. रोज सकाळी दोघं धरणाच्या रस्त्याने जात. तो पुढे, ती मागे. रस्ता रुंद होता, शेजारी शेजारी चालवता आली असती. पण लोक बघतील, असं तो म्हणायचा. त्यामुळे त्या प्रेमात हेमलताने सगळ्यात जास्त पाहिली ती त्याची पाठ. शर्ट कुठे उसवलाय, घाम कुठे आधी येतो, सगळं तिला पाठ होतं. तोंड तेवढं आता नीट आठवत नव्हतं.

पुढे विक्रमने मोटरसायकल घेतली आणि पिवळी सायकल तिला दिली. "फक्त गेअरला हात लावू नको," तो म्हणाला. "बिघडतात." तिने लावला नाही. चढ आला की ती उतरायची आणि हातात धरून चालायची. मग त्याच्या घरच्यांनी साक्रीकडची मुलगी पाहिली. विक्रमने फोनवर दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मध्ये शब्द नव्हता, मागे-पुढे शब्द नव्हता. देवळात जोडावेत तसे हात जोडून तो सुटला.

त्यानंतरच्या एका सकाळी रागाच्या भरात हेमलताने गेअर दाबला. काही बिघडलं नाही. चढ गुडघ्याखालून निघून गेला. वर पोचल्यावर ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. पण ते विक्रमसाठी नव्हतं. इतके दिवस उगाच चालत गेलो, यासाठी होतं. मग ती रोज एकटी जाऊ लागली, रोज थोडं लांब. चढाला माणूस आठवतो आणि उताराला विसरतो, असं तिला आढळलं. म्हणून ती उतार जास्त असलेले रस्ते शोधी. पण जाताना जो उतार, तोच येताना चढ. प्रेमाचंही तसंच असणार, असं म्हणून ती पायडल मारी.

काल विक्रमचा निरोप आला होता. 'लग्नाआधी सगळं मोकळं झालेलं बरं. सायकल ठेव, आठवण म्हणून.'

ते 'आठवण म्हणून' तिला झोंबलं. तिने ठरवलं, भर मांडवात सायकल त्याच्या पुढ्यात उभी करायची आणि म्हणायचं, "हे घे तुझं. तुझं काही माझ्याकडे राहिलं नाही." एवढंच. नंतर एसटीने घरी.

साक्रीच्या रस्त्याला लागल्यावर ती हे वाक्य घोकत चालली. मग एक लांब उतार आला. वारा ओढणीत शिरला, साखळी गुणगुणायला लागली, आणि वाक्य कुठेतरी मागे पडलं. उताराच्या तळाशी एका लिंबाखाली ती थांबली. तिच्या ध्यानात आलं, की विक्रम द्यायला तिला काही वाटलं नव्हतं. सायकल द्यायला मात्र जीव होत नव्हता. ज्याने आपल्याला सोडलं, त्याला आपलं पायाखालचं वाहनही नेऊन द्यायचं, ही कसली अक्कल? तिने सायकल वळवली. तोंड घराकडे केलं.

तेवढ्यात पिंपळनेरकडून वऱ्हाडाची पिकअप आली आणि तिच्यासमोर थांबली. पुढे ड्रायव्हरशेजारी सुगंधाबाई बसली होती, विक्रमची आत्या. पिंपळनेरलाच दिलेली. हेमलता तिला ओळखत नव्हती.

"काय व माय, पंचर व्हयनं का?"

"नाही. मी परत चाललेय."

सुगंधाबाईने हँडलवरची बोटं पाहिली, नारळ पाहिला, खण पाहिला. "कोना लगीनले चालनी व्हती?"

हेमलताला खोटं पटकन सुचत नसे. "विक्रमच्या."

"आमना इक्रम? तो मना भाचा शे." सुगंधाबाई खाली उतरली. "आनि नारय बांधेल आहेर आरधी वाटवरथून परत लई चालनी? कोनी काय बोलनं का तुले?"

"हा आहेर नाही. सायकल माझी आहे."

"आहेर देवाना पहिले सगळासले तसंच वाटस. मनी पैठणी देतांना मीबी रडनू." तिने मागे हाक मारली. "टाका रे ती सायकल वर."

चार हातांनी सायकल वर गेली. हेमलता खाली राहिली. विक्रम गेला तेव्हा ती त्याच्या मागे एक पाऊलही धावली नव्हती. सायकलीमागे मात्र ती ओढणी खोचून पिकअपमध्ये चढली.

सुगंधाबाईही मागेच येऊन बसली. तिने नाव विचारून घेतलं आणि वाटभर आपली चिंता सांगितली. विक्रमला सख्खी बहीण नाही. करवली म्हणून तिचीच मुलगी उभी राहायची, पण ती सुरतला, दिवस भरत आलेले. "नवरदेवनामांगे दिवा लिसन कोन उभी राही, सांग." हेमलताने हूं केलं. तिचं लक्ष सायकलीवर होतं. एक गृहस्थ सायकलीच्या दांड्यावर बसून तंबाखू मळत होते.

मांडव नवरदेवाच्या दारातच होता. पिकअप थांबली आणि हेमलता उतरेपर्यंत सायकल हातोहात पुढे गेली. मांडवात माईकवर विक्रमचे चुलते भटूनाना आहेर पुकारत होते. आतापर्यंत पातेली, पंखे आणि एक मिक्सर झाला होता. सायकल पाहून त्यांच्या आवाजाला पालवी फुटली.

"पिंपळनेरच्या हेमलताताई यांच्याकडून नवरीस सायकल. गेअरनी शे, मंडळी."

मांडवात टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी उठून ब्रेक दाबून पाहिले आणि मान डोलावली.

हेमलता स्टेजकडे निघाली. बोलायचं वाक्य आता उलटं झालं होतं, हे माझं आहे, परत दे. विक्रमने तिला येताना पाहिलं आणि फेट्याखालून त्याला घाम फुटला. आधी कपाळाला, मग मानेला, तिला माहीत होतं त्याच क्रमाने. ती काही बोलायच्या आत तो भटूनानांच्या कानाशी वाकला. माईक नानांच्या हातातच होता.

"क्लासवरली शे, नाना. मले बहीनसारखी शे," असं साऱ्या मांडवाने ऐकलं.

"दखा," सुगंधाबाई म्हणाली, "देवनीच धाडी."

हेमलताने तोंड उघडलं तोवर तिच्या खांद्यावर नवी साडी पडली होती आणि हातात दिवा आला होता. दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून तिला हात हलवता येईना. तिला विक्रमच्या मागे उभं करण्यात आलं. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटापलीकडे नवरी होती. इकडे हेमलतापुढे पुन्हा तीच पाठ होती. शेरवानी नवी होती, पण शिवण त्याच जागी ताणलेली होती.

जेवणं उरकताना नवरी रूपा तिच्या शेजारी येऊन बसली. बी.एस्सी. झालेली, सावळी, थकलेली मुलगी. तिने हळूच विचारलं, "ताई, ही सायकल तुम्ही चालवायच्या?"

"हो."

"चढावर पण?"

"चढावरच."

रूपाने मांडवाच्या खांबाला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं.

संध्याकाळी नवरानवरीचा घरात प्रवेश झाला. बहिणीने उंबऱ्यात उभं राहून दार अडवायचं, भावाने ती मागेल ते द्यायचं आणि मग आत जायचं. सुगंधाबाईने हेमलताला दारात नेऊन उभं केलं. दोन्ही हात चौकटीला लागताच हेमलताला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"मांग व पोर," भटूनाना म्हणाले. माईक अजून त्यांच्याच हातात होता. "काय मांगस ते मांग."

विक्रम खिशातलं पाकीट पुढे करत पुटपुटला, "घे ना. संपव हे."

"सायकल," हेमलता म्हणाली.

सुगंधाबाईने पदर तोंडाला लावला. "आहेर परत मांगतस का कधी?"

"आहेर मी नवरीला दिला, आत्या. तो पोचला. आता बहीण म्हणून भावाकडे मागतेय. नसेल द्यायची तर बहीण नाही, असं माईकवर सांगा. मग मी कोण, तेही सांगा."

विक्रमने घाईने मान हलवली. "घे. घेऊन जा."

"ती तुमची कुठे आहे?" रूपा म्हणाली. विक्रमशी ती मांडवात बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं. "मला दिली होती." मग तिने हेमलताकडे पाहिलं. "घेऊन जा, ताई."

भटूनानांना हे फार आवडलं. "बहीननी सायकल मांगी, भाऊनी दिधी. मंग इक्रम, दरसाल भाऊबीजले पिंपळनेर जानं पडी."

सगळे हसले. विक्रम सगळ्यांच्या शेवटी हसला. हेमलता नवी साडी कंबरेला खोचून उजेड आहे तोवर घराकडे निघाली. उताराचा आता चढ झाला होता. तिने गेअर बदलला. पाहिजे होतं ते तिला मिळालं होतं. त्याच्याबरोबर एक भाऊ मिळाला होता, तो परत कुठे द्यायचा, हे मात्र कळत नव्हतं.

भाऊबीजेला तो येणार नाही, असं तिने धरलं होतं. पण सुगंधाबाई पिंपळनेरातच, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि तिने आठवणीने दोघांना बोलावून घेतलं. शेवंताबाईला तर आनंद मावेना. "मनी पोरले भाऊ नव्हता. देवनी दिन्हा," असं ती गल्लीभर सांगून आली.

हेमलताने पाट मांडला. विक्रम बसला. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. आता त्याचं तोंड अगदी समोर होतं, निरांजनाच्या उजेडात. यात इतकं काय होतं, हे तिला काही केल्या आठवेना.

रूपा ओट्यावर सायकलीशी उभी होती. "हे काय असतं हो?" तिने हँडलवरच्या खटक्याला बोट लावलं.

"गेअरला हात लावू नको," विक्रम आतून म्हणाला. "बिघडतात."

हेमलताने ताट खाली ठेवलं आणि ओट्यावर गेली. रूपाच्या कानाशी ती थोडा वेळ बोलली. मग रूपाने पदर खोचला, एकदा धडपडली, एकदा पाय टेकला आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली.

विक्रम कपाळावरच्या ओल्या कुंकवानिशी बाहेर आला. इकडे तिकडे पाहून तो ओट्यावर बसला. हेमलताही बसली. इतकी वर्षं लोक बघतील म्हणून दोघं कधी शेजारी बसली नव्हती. आता गल्ली खुशाल बघत होती आणि कौतुक करत होती.

"धरणाकडे गेली का?" त्याने विचारलं.

"हो."

"मोठा चढ आहे तिकडे. चालत जावं लागेल तिला. कधी येईल?"

"ती चालणार नाही," हेमलता म्हणाली.

विक्रम रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्यावर त्याला बघायला कोणाची पाठही नव्हती.