कात्री आणि छत्री

जानेवारीतल्या एका मंगळवारी, कॉफी पिता पिता, अमारोने ठरवलं की या वर्षी सासूबाईंच्या द्राक्षवेली आपणच छाटायच्या. ठरवायला त्याला अर्धा कप पुरला. निस्तरायला सगळा हिवाळा गेला.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही एर्मिंदाबाईंना ओळखत नाही, म्हणून वाटेल. आमच्या खाडीकाठच्या गावात द्राक्षं माणसाच्या डोक्यावर वाढतात. दगडी खांब, खांबांवर तारा, तारांवर वेली, आणि असा एकच लांबलचक मांडव वरच्या रस्त्यापासून पार समुद्रापर्यंत. मांडव एक आणि मालक छप्पन्न. कुणाचा तुकडा कुठे संपतो ते सांगायला खाली गवतात पावाएवढा एकेक दगड पुरलेला. एर्मिंदाबाईंचा तुकडा जेमतेम दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा, पण त्यातल्या वेलीला त्यांच्याशिवाय कुणी कात्री लावायची नाही, हा कायदा. नवऱ्यालाही त्यांनी कधी लावू दिली नाही. (तो बिचारा त्याच दुःखाने गेला असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.)

मग जावयाला काय मिळणार? जावयाला मिळाली छत्री. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पाऊस, आणि हिवाळा म्हणजेच छाटणी. लग्न झाल्यापासून दर वर्षी सासूबाई कात्री घेऊन शिडीवर आणि अमारो छत्री उंच धरून खाली. "अमारो, डावीकडे घे. अमारो, मानेवर पाणी पडतंय. अमारो, झोपलास का?" सकाळी बंदराच्या कचेरीत याच अमारोच्या खिडकीपुढे होडीवाले टोप्या काढून उभे राहत, आणि संध्याकाळी खानावळीत तेच विचारत, "काय छत्रीवाले, आज पाऊस कसा काय?" अमारो हसून साजरं करी, पण ते त्याला लागायचं. त्याची आयुष्यात एकच इच्छा उरली होती: सासूबाईंनी एकदा आपल्या हाताने ती कात्री आपल्याला द्यावी.

या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन विगो शहरात, मुक्काम तिथेच बहिणीकडे. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, चढायचं नाही, वाऱ्यात जायचं नाही. आणि नेमका चंद्र उतरणीला लागलेला! चढत्या चंद्रात छाटलेली वेल रडते आणि वाइन आंबते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाईंनी जाताना बजावलं, "पुढचा उतरता चंद्र बघू. तोवर माझ्या वेलीला कुणी हात लावला, तर तो हात मी खुंटीला टांगून ठेवीन."

"आईने काय सांगितलंय, ऐकलंस ना?" बायको, सबेला, म्हणाली.

"अगं, परत आल्यावर छाटलेल्या वेली बघून खूश होतील त्या."

"तुला छाटता येतं?"

"इतकी वर्षं खालून बघतोय ना!"

"खालून तू छत्री बघत होतास, अमारो."

बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. अमारोने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची कात्री उचलली आणि निघाला. रोजची वाट खालून, समुद्राकडून. पण तिकडे ओहोटीला शिंपल्या खणणाऱ्या बायका असतात, आणि त्यांना दिसलेली गोष्ट विगोला पोचायला फोन लागत नाही. म्हणून हा शहाणा वरच्या वाटेने गेला. गवत पायाने चाचपून त्याने दगड शोधला आणि मग डोकं खाजवायला लागला. आपला तुकडा दगडाच्या कुठल्या बाजूला? डावीकडे, असं त्याला अंधुक आठवत होतं. पण खात्री करून घ्यायची तर विचारायचं कसं? इतक्या वर्षांनी 'आपलं शेत कुठलं?' असं विचारणारा जावई घरात ठेवतील का? त्याने सासूबाईंना फोन लावला आणि आडून आडून सुरुवात केली.

"आई, डोळे कसे आहेत?"

"कसे असणार?"

"पाऊस आहे का तिकडे?"

"का, तिकडे नाही?"

"मी काय म्हणतो, आपला तुकडा दगडाच्या डाव्या हाताचाच ना?"

"इतकी वर्षं कुठल्या हाताचा होता?"

"नाही, सहज विचारलं."

"सहज कुणी दगड विचारतं?" म्हणत बाईंनी फोन ठेवला.

आमच्या गावात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं जरा उघडंवाघडं समजतात. प्रश्नाला प्रश्न दिला की दोघांचीही अब्रू राहते. त्यामुळे अमारोने याचा अर्थ 'हो' असा घेतला, आणि तो बरोबरच होता. खालून येणाऱ्याला तुकडा डाव्याच हाताला लागतो. हा आला होता वरून. वरून आलं की डाव्याचं उजवं होतं, एवढा भूगोल बंदराच्या कचेरीत लागत नाही.

आणि दगडाच्या त्या बाजूला कुणाच्या वेली असाव्यात? एलादियोच्या! हा एलादियो म्हणजे विधुर, मुलगा स्वित्झर्लंडला, आणि एर्मिंदाबाईंशी दीड तप अबोला. फार वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री तो दगड वीतभर सरकला, असं दोघंही सांगतात. कुणीकडे सरकला यावर मात्र एकमत नाही. तेव्हापासून एकाच मांडवाखाली पाठीला पाठ लावून दोघं छाटणी करत, आणि काही बोलायची वेळ आलीच तर दगडाशी बोलत. "दगडा, कुणाची तरी कोंबडी माझ्या कोबीत शिरलीय," असं एर्मिंदाबाई म्हणत. "दगडा, कोबीला कुंपण घालतात म्हणावं," असं एलादियो म्हणे.

तर त्या एलादियोच्या वेलींवर अमारो तुटून पडला. काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून बाकीचं छाटायचं, की दोन काड्या ठेवून डोळे छाटायचे, हे त्याला नीट आठवेना. मग एका बाजूला जास्त कापलं गेलं म्हणून दुसरी बाजू सारखी केली, आणि दुसरी फार आखूड झाली म्हणून पुन्हा पहिली. दुपारपर्यंत मांडवातून लख्ख आभाळ दिसायला लागलं. अमारो शिडीवरच शीळ घालू लागला.

"कोण आहे रे वर?" खालून आवाज आला.

"कोण असणार?" म्हणत त्याने खाली बघितलं. एलादियो उभा होता, लाकडी खडावा, डोक्यावर टोपी. तो वेलींकडे बघत होता. मग त्याने दगडाकडे बघितलं. मग अमारोनेही दगडाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे बघितलं, आणि कात्री हळूच खिशात घातली.

"पोरा, तुला एर्मिंदाने पाठवलं?"

हो म्हणावं तर सासूबाई जिवंत सोडणार नाहीत, नाही म्हणावं तर हा सोडणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. अशा वेळी माणसाच्या तोंडातून त्याचं गाव बोलतं.

"दुसरं कोण पाठवणार, काका?"

(हे खोटं नव्हे. प्रश्न खोटा असू शकत नाही. आमचे पाद्रीबाबासुद्धा तो पाप म्हणून धरत नाहीत.)

एलादियोने टोपी काढली आणि तो मटकन त्या दगडावरच बसला. "दोन्ही डोळे बांधलेले असताना तिला माझ्या वेली आठवल्या," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा एकदा वर बघितलं. "तू छाटतोस... तुझ्या पद्धतीने. पण भावना पोचली हो."

त्या रात्री अमारोला झोप लागली नाही. सकाळी सासूबाईंच्या वेली तरी छाटू, म्हणून तो उजाडता उजाडता पोचला, तर मांडव तयार! एकेक काप तिरका आणि स्वच्छ, एकेक काडी वाळुंजाच्या ओल्या फोकाने तारेला बांधलेली. आमच्याकडे उपकार अंगावर ठेवून कुणी जेवत नाही, एलादियो तर नाहीच नाही. अमारोने आकाशाकडे बघून हात जोडले. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"हे तू केलंस?" सबेलाने येऊन बघितलं आणि विचारलं.

"नाहीतर कुणी?"

"माझ्याकडे बघून सांग."

"मग कुणाकडे बघतोय मी?" अमारो समुद्राकडे बघत म्हणाला.

सासूबाई काळा चष्मा लावून आणि नवे डोळे घेऊन परत आल्या, ते सगळ्या गावाला महागात पडलं. चर्चमधली जळमटं दिसली, शेजारणीच्या मिश्या दिसल्या, त्यांनी त्या बोलून दाखवल्या. मग पिशवीही न ठेवता त्या खालच्या वाटेने थेट मांडवात गेल्या. चष्मा वर केला. एकेक काप बोटाने चाचपला.

"कुणी केलं हे?"

"कुणी करणार, आई?"

बाईंनी बांधलेली एक काडी ओढून बघितली. मग त्यांनी हात पुढे केला, अमारोच्या खिशातून डोकावणारी कात्री काढून घेतली, रुमालाने पुसली आणि परत त्याच्याच हातात ठेवली. "धर. आजपासून ही तुझी."

अमारोने कात्री दोन्ही हातांत धरली. खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि तो सांगणारही होता. पण तोंडातून "तुमचे आशीर्वाद" एवढंच आलं. त्या संध्याकाळी खानावळीत त्याने कात्री टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि छत्रीवाला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मीही तिथे होतो, मीही म्हटलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी बाईंचे नवे डोळे दगडापलीकडे गेले.

"अगं बाई! या वेलींत काय शेळ्या सोडल्या होत्या?" त्या ओरडल्या आणि मग त्यांचा आवाज उतरला. "बिचारा! त्यालाही मोतीबिंदू झालाय, अमारो. मला कळतं ना, मीही शेवटी शेवटी अंदाजानेच कापायचे. एकटा जीव, घरात बघणारं कुणी नाही." त्यांनी रुमाल डोळ्यांकडे नेला आणि डॉक्टर आठवून खाली आणला. "खड्ड्यात गेला तो दगड. रविवारी जेवायला बोलाव त्याला."

"आई, त्यांना आवडेल का?"

"तुला का घाम फुटलाय?"

रविवारी एलादियो इस्त्रीचा सदरा घालून आला, हातात घरी खारवलेलं डुकराचं अख्खं मुंडकं आणि द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूची बाटली. टेबलावर डुकराचं मांस, शलगमाचा पाला, बटाटे, हरभरे, सगळं वाफाळत होतं. एर्मिंदाबाईंनी दारातच त्याचा दंड धरला.

"जपून, पायरी आहे."

"दिसते मला पायरी."

"हो हो. मीही असंच म्हणायचे." त्यांनी त्याला बसवलं आणि चमचा त्याच्या मुठीत दिला. "मांस तुझ्या उजव्या हाताला आहे, बटाटे डावीकडे."

एलादियोला वाटलं, ऑपरेशन डोळ्यांचं झालं की डोक्याचं? पण तो पाहुणा. "तुला बरं आहे ना, एर्मिंदा?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय झालंय? तुला कधीपासून त्रास होतोय?"

"कसला त्रास?"

"मीठ हवंय का कुणाला?" अमारो मध्येच ओरडला. सबेला त्याच्याकडे रोखून बघायला लागली. जोवर प्रश्नाला प्रश्न जातोय तोवर आपल्याला मरण नाही, हे अमारोला पक्कं ठाऊक होतं. पण चोथ्याची दारू वाईट. दुसऱ्या पेल्यानंतर एलादियो उभा राहिला आणि त्याने आमच्या गावात कुणी करत नाही ती गोष्ट केली. तो सरळ बोलला.

"एर्मिंदा, तू जावयाला माझ्या वेली छाटायला पाठवलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुझ्या छाटल्या."

सबेलाच्या हातातल्या पळीतून रस्सा टेबलावर गळायला लागला.

"अमारो," सासूबाई म्हणाल्या, "याच्या वेली तू छाटल्यास?"

"कुणाच्या म्हणता?"

"प्रश्न नको. उत्तर दे."

"हो," अमारो म्हणाला. त्या स्वयंपाकघरात दिलं गेलेलं ते पहिलं सरळ उत्तर.

बाई एकदा अमारोकडे, एकदा एलादियोकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "म्हणजे शेळी आमच्याच घरची!" त्या हसता हसता टेबलाला धरून खाली बसल्या. एलादियोला ठसका लागला. सबेलाने पळी टाकून दिली. "मला हसवू नका रे मेल्यांनो, डोळ्यांत पाणी आणू नका म्हणालेत डॉक्टर!" असं म्हणत बाई पोटभर रडल्या, आणि त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. एलादियोला या वर्षी द्राक्ष धरणार नव्हतं. "माझ्या वाइनचं अर्धं पीप तुझं," त्या म्हणाल्या, आणि तो नको म्हणाला नाही.

मग त्यांनी न बघता अमारोपुढे तळहात पसरला. अमारोने खिशातून कात्री काढून त्यावर ठेवली. कात्री पुन्हा खिळ्यावर गेली.

आता पुढचा हिवाळा आलाय. पाऊस तोच, मांडव तोच. दोन शिड्यांवर दोघं पाठीला पाठ लावून छाटतात आणि दिवसभर बोलतात, दगडाची गरज पडत नाही. दगडावर अमारो उभा असतो, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, दोन्ही हातांत एकेक छत्री.

"अमारो, छत्री वीतभर त्याच्याकडे सरकवलीस!" सासूबाई ओरडतात.

"पोरा, वीतभर तिच्याकडेच गेलीय ती!" एलादियो ओरडतो.

अमारो दोन्ही हात सरळ करतो आणि पाऊस त्याच्या कॉलरमधून आत उतरतो. परवा सासूबाईंनी त्या नव्या डोळ्यांनी खाली बघितलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

"अरे अमारो, किती भिजलास! स्वतःसाठी एक छत्री नाही का आणायची?"