भोईरकाकांचा निळा खडा

आम्ही टेमघरला नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतच होतं, आणि शेजारचे एक गृहस्थ बनियन-पायजम्यावर सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले. नाव नाही, गाव नाही. खिशातून खिळा काढला आणि माझ्या कोऱ्या करकरीत ओट्यावर कर्रकन रेघ मारली.

"ओ! ओ काका! डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले.

त्यांनी वाकून रेघेवर बोट फिरवलं. "ग्रॅनाईट म्हणून घेतलाव?"

"हो! बिल आहे माझ्याकडं."

"बिलात आसंल ग्रॅनाईट. दगडात न्हाय. पालिश मारलेला दुसराच काळा दगड हाय ह्यो. पन चांगला हाय. ओरखडा न्हाय उठला, खिळ्याचंच लोखंड लागलंय. पूस."

पुसलं, तर खरंच रेघ गेली. तोवर गृहस्थही गेले होते. दहा मिनिटांनी तेच चहाची किटली घेऊन परत आले, तेव्हा कळलं की यांचं नाव गजानन भोईर. मी त्या चहात साखर कमी आहे म्हणून नाक मुरडलं होतं, हे आता सांगून टाकते. माझा स्वभावच तसा आहे.

भोईरकाका तीस वर्षं ठाण्याच्या एका कॉलेजात भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. सरांनी सांगितलं की दगड काढायचे, तास संपला की दगड ठेवायचे. मुलं शिकून गेली, आणि काका काढता-ठेवता त्यांच्याहून जास्त शिकले. पुढं पोरं येईनात म्हणून तो विभागच बंद झाला. दगडांचं कपाट भंगारात निघालं, तेव्हा काकांनी रीतसर अर्ज करून ते मागून घेतलं. एकशेवीस खण, प्रत्येकात एक दगड आणि एक कार्ड. कार्डावर नाव, कडकपणा, रेघ, चकाकी, वर्ग, आणि खाली शोधणाऱ्याचं नाव. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात काका, कपाट आणि गॅलरीत तुळस.

काकांच्या खिशात खिळ्याबरोबर पांढऱ्या टाइलचा एक तुकडा असतो. टाइलची मागची, खरखरीत बाजू. तिच्यावर दगड घासला की पूड लागते, तिचा रंग म्हणजे त्या दगडाची रेघ. दगड वरून काळा असेल, हिरवा असेल, पण पूड सहसा खोटं बोलत नाही म्हणे. "रंगावर जाव नको, रेघ बघ," हे काकांचं पालुपद. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, मत मागायला आलेल्या उमेदवारालासुद्धा त्यांनी हेच ऐकवलंय. माझी हळद, माझं कुंकू, सासूबाईंचा गूळ, सगळं त्या टाइलवर घासून झालंय. एकदा दिवाळीत मी चकल्या दिल्या तर एक चकली उचलून खिडकीच्या काचेवर ओढली.

"कडकपना सात! मनीषे, काच कापली गो तुजे चकलीनं!"

"मग खाऊ नका!"

खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबा घासून परत दिला.

माणसांनाही काका कडकपणाचे आकडे देतात. एक म्हणजे सगळ्यात मऊ, दहा म्हणजे हिरा. माझा नवरा प्रमोद एक नंबर. "शंखजिरं हाय त्यो. नखानं ओरखडा जातोय." प्रमोदला याचा राग यायला हवा होता, पण तो शंखजिरं, त्याला कुठला राग! मी अंजूरला गोडाऊनमध्ये इनवर्डला, म्हणजे आलेला माल मोजून घ्यायला आहे, दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीतून भांडते. मला काकांनी साडेसहा दिले. "चाकू चालत न्हाय तुज्यावर."

"आणि तुम्ही?"

"माजं कार्ड कोनी केलंच न्हाय," म्हणाले आणि हसले. मीही हसले. तेव्हा काही वाटलं नाही.

कपाटातल्या साठ नंबरच्या खणात काकांचा जीव होता. पांढऱ्या, खडबडीत कवचात अडकलेला निळा खडा, तिकोनी, करंगळीच्या नखाएवढा. अमेरिकेला गेलेल्या एका विद्यार्थिनीनं तो पोस्टानं पाठवला होता. कॉलेजच्या नावानं नाही, 'श्री. गजानन भोईर' या नावानं. तीस वर्षांत हजारो पोरांना काकांनी दगड काढून दिले, त्यातल्या एकीनं आठवण ठेवली. ते पाकीटही काकांनी तिकिटासकट जपून ठेवलंय.

"बेनिटोईट," काका देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायचे. "दिसतो नीलमसारखा, पन नीलम न्हाय. ह्याच्यात बेरियम हाय, टायटॅनियम हाय, आन् शिलिका. शिलिकाच्या तीन-तीनच्या गोल कड्या. नीलम कडकपनात नऊ, ह्यो सहा-साडेसहा. रेघ बघशील तर पांढरी. आन् खरी गंमत सांगू? गनितवाल्यांनी स्फटिकांचं बत्तीस वर्ग मांडलं होतं कागदावर. त्यातल्या एका खनात ठेवायला दगडच सापडंना. आसा तिकोनी दगड नसंलच, म्हनाले लोक. मंग ह्यो आला आन् त्या खनात जावन बसला. खन आदी, खडा मागनं!"

ही गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी शेवटी काका टाळी मागायचे आणि मी द्यायची.

यंदा काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आठ दिवस कल्याणला बहिणीकडं राहणार. जाताना चावी माझ्याकडं दिली. "तुळशीला पानी घाल. खिडक्या उघड. दगडांना हात लावायचा न्हाय."

आता माझा रोग सांगते. मला घाण बघवत नाही. आमच्याकडं आजूबाजूच्या लूममधली कापसाची बारीक पूस दारं-खिडक्या बंद असल्या तरी आत शिरते, आणि काकांच्या कपाटात तर पुसेची गोधडीच झाली होती. मी म्हटलं, बिचारा म्हातारा डोळे नीट होऊन येणार आणि बघणार काय, तर ही घाण? केले सगळे दगड स्वच्छ. पाण्यानं, ब्रशनं. त्यात सैंधवाचा खडा विरघळून अर्धा झाला. तो टाकला आणि माझ्या घरच्या डब्यातला दुसरा ठेवला. इथंच माझे हात थांबायला हवे होते.

पण साठ नंबरचा तो पांढरा थर! हुबेहूब आमच्या बादल्यांवर बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो तसा. आणि बोअरचा क्षार कशानं जातो हे टेमघरातल्या कुठल्याही बाईला विचारा. काकांच्या मोरीत कोपऱ्यात अ‍ॅसिडची बाटली होती, सीलही न तोडलेली. प्लास्टिकच्या मगात खडा ठेवला, वरून अ‍ॅसिड ओतलं आणि ड्युटीला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बघते तर मगात साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी गिळगिळीत. शी! मी भरपूर पाणी घालून अख्खा मग मोरीत ओतला. टिक असा आवाज आला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तो क्षार नव्हताच. तो दुसरा दगड होता, ज्याच्या पोटात निळा खडा बसला होता. मी पोट विरघळवलं आणि खडा गटारात घातला.

जाळी काढली, टॉर्च मारला. खालच्या खड्ड्यात अख्ख्या संसाराची माती, टाइलचे कपचे, बटणं. बोटांनी चाचपलं, काही लागेना. त्या क्षणापासून मोरीत पाण्याचा एक थेंब सोडला नाही. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एका दुपारी तर बाजारातून निळ्या काचेचा खडा आणून साठ नंबरच्या खणात ठेवला. मग स्वतःचीच लाज वाटली. जो माणूस चकली काचेवर घासून बघतो, त्याला काच देऊन फसवणार होय मी? काढून टाकला.

काका रिक्षातून उतरले ते काळा चष्मा लावून. मी त्यांना दारातच गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं. कपाट, पूस, अ‍ॅसिड, मोरी. शेवटी मला रडूच फुटलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

"हातावर आसिड सांडलं न्हाय ना?" काकांनी विचारलं.

"काय?"

"हात दाकव." त्यांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "मोरीत पानी टाकलंस?"

"एक थेंब नाही. त्या दिवसापासून."

"शाब्बास. मंग जाईल कुठं त्यो? चल."

काकांनी दगडांच्या कपाटावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पाण्याच्या फिल्टरमधली जुनी जांभळी नळी बसवून त्यांनी दिवा केला होता. त्या उजेडात बेनिटोईट निळाजांभळा पेटतो म्हणे. पण त्या दिव्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला तर वाकणंही बंद. म्हणून काका मोरीबाहेर स्टुलावर पाठ करून बसले, आणि मी प्रयोगशाळेचा गॉगल, रबरी हातमोजे घालून आत उकिडवी. भर दुपारी तीन वाजता झरोक्यावर चादर टांगलेली.

"निळं काय दिसतंय?" बाहेरून आवाज.

"सगळंच निळं दिसतंय काका! अख्खी मोरी पेटलीय!"

"धुन्याची पावडर ती. चिमटीत धर. इरघळली तर साबन."

मी मूठभर माती काढायची, ताटात पसरायची, दिवा धरायचा. साबण, साबण, पुन्हा साबण. तेवढ्यात प्रमोद मला शोधत आला आणि दारात उभा राहिला. "काय चाललंय तुमचं?"

"शंखजिऱ्या, दार लाव!" काका खेकसले. "उजेड येतोय!"

प्रमोदनं दार लावलं आणि कुठल्या बाजूला राहावं ते न कळून आतच उभा राहिला.

सातव्या मुठीत एक ठिणगी दिसली. चिमटीत धरली, विरघळेना. टोचत होती. आणि तिच्या शेजारी आणखी एक, अगदी बारीक.

"काका! सापडला! पण दोन आहेत!"

"दोन कसं? माजा एकच व्हता."

दिवा बंद केला, चादर ओढून काढली आणि खिडकीपाशी येऊन तळहात उघडला. एक काकांचा तिकोनी खडा, आता चारी अंगांनी मोकळा. दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा, तसाच तिकोनी, तसाच निळा. इतकी वर्षं तो त्या पांढऱ्याच्या आत दडून बसला होता, कोणाला पत्ताच नाही. सुटले बाई!

काकांनी काळा चष्मा वर केला. नव्या डोळ्यानं बघत राहिले. "एवढा निळा हाय काय ह्यो?" हळूच म्हणाले. "मी तर कितीक वर्सं मळकाच बगतो ह्याला."

"काका, घासून बघा की. टाइल कुठंय?"

"ऱ्हाव दे," काका म्हणाले. भोईरकाकांनी एखादी गोष्ट घासली नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग त्यांनी मोरीतली ती बाटली हातात घेतली. "तुला ठावं हाय, तिकडं ह्यो दगड आसाच साफ करतान. आसिडात. पांढरा इरघळतोय, निळ्याला काय व्हत न्हाय. ही बाटली त्याच्यासाठीच आनलेली. अकरा वर्सं झाली."

"अकरा? मग उघडली का नाही?"

काका बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "यकट्यानं कसं करायचं गो? चांगला निंगाला तर दाकवायचा कोनाला? आन् बिगाडला तर कोनाकडं रडायचं?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहते मी, आणि त्यांच्या चहाला नाक मुरडते.

"आन् सैंधवाचा खडा बदललास ना?" काका एकदम म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मगाशी डबा काढताना येक बोट लावून चाखला. मसाल्याचा वास येतोय त्याला."

प्रमोद इतका हसला की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी काका एकशे एकविसावं कार्ड लिहायला बसले. भिंगाशिवाय. बेनिटोईट, दुसरा. कडकपणा सहा ते साडेसहा. रेघ पांढरी. शोधणाऱ्याच्या जागी लिहिलं, 'मनीषा प्रमोद पाटील, टेमघर'. आणि त्याखाली, 'पद्धत: चुकून'.

मी बाकीची कार्डं चाळत होते. शोधणारे सगळे सर, मॅडम, डॉक्टर. यातले तीसेक दगड काकांनी स्वतः खाणी-डोंगर तुडवून, पोत्यात भरून खांद्यावरून आणलेत, हे त्यांनीच मला सांगितलंय. पण काकांचं नाव एकाही कार्डावर नव्हतं. मी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि माझ्या नावापुढं लिहिलं, 'व श्री. गजानन भोईर'.

काकांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ धरलं. मग घाईघाईनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"काय मनीषे तू," म्हणाले, "डाक्टरनं सांगितलंय डोळ्यात पानी जाव द्यायचं न्हाय म्हनून."