क्रौंचांसाठी हीटर

तुम्ही मला घरगाड्या मुक्कामाला थांबतात अशा कुठल्याही तळावर न्या आणि तिथल्या विजेच्या खांबाला कसलंही सॉकेट असू द्या, मी माझी घरगाडी त्याला जोडून दाखवीन! चार पायांचा प्लग तीन पायांच्या सॉकेटात, तीन पायांचा साध्या भिंतीतल्या सॉकेटात, सगळे अडॅप्टर माझ्या पेटीत आहेत. डोरीन, म्हणजे माझी बायको, त्या पेटीला सवत म्हणते. म्हणू दे.

मार्चमध्ये आमच्याकडच्या प्लॅट नदीवर क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. सासूबाई याच काठावरच्या शेतात वाढल्या. आता नव्वदीला टेकल्यात, डोळ्यांना सगळं अंधुक दिसतं. "नाही दिसले तरी चालेल, एकदा आवाज कानावर पडू दे. पुढच्या मार्चचं कोणी सांगावं?" असं त्या डोरीनला म्हणाल्या. डोरीनने ते मला सांगितलं आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की सासूबाईंना थंडी वाजता कामा नये.

आम्ही दुपारी नदीकाठच्या तळावर पोचलो. आमच्या जागेवरच्या खांबाला तीन पायांचं सॉकेट, आमचा प्लग चार पायांचा. मला तर आनंदच झाला! पेटीतून अडॅप्टर काढला, खटकन बसवला, घरगाडीत दिवे लागले. सासूबाईंना खिडकीशी बसवलं आणि त्यांचा हात धरून शेजारच्या कपाटातल्या खटक्यांवरून फिरवला.

"आई, हा सगळ्यात मोठा खटका. काही बिघडलं तर हा खाली ओढला की सगळी वीज बंद. पण बिघडणार नाही, मी आहे ना."

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तो खटका पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

मग मी हीटर लावला. विजेचं पांघरूण लावलं, विजेच्या भांड्यात गोमांस शिजत ठेवलं, कॉफी चढवली. तळाच्या भाड्यात वीज धरलेली असते, त्यामुळे इथे गॅस जाळणाऱ्याला लोक खुळा समजतात.

"वर्लिन, हे काय घरघरतंय?"

"हीटर, आई."

"बंद कर. मला थंडी नाही वाजत."

"वाजेल. सूर्य खाली गेला की वाजेल."

मी खुर्च्या काढायला बाहेर गेलो आणि वीज गेली. पळत खांबाशी आलो. शेजारच्या घरगाडीतला डेल्मर कॉफीचा कप घेऊन आला. असं काही झालं की या माणसाला वास येतो.

"एवढं सगळं एकदम लावलंस? अडॅप्टरने प्लगचं तोंड बदलतं रे, खांबाचं पोट तेवढंच राहतं."

मी कॉफी आणि शिजवायचं भांडं काढायला आत गेलो, तर वीज आलेली! सासूबाई आणि डोरीन शांत बसल्या होत्या. मी हीटर जरा वाढवला आणि बाहेर आलो. परत वीज गेली. मी अडॅप्टर बदलला. वीज येईना. खांबावरच्या दुसऱ्या, लहान सॉकेटाला अडॅप्टरला अडॅप्टर जोडून पाहिला. तरीही काही नाही.

"खांबाचा खटका तर पडलेलाच नाही," डेल्मर डोकं खाजवत म्हणाला. "हे काहीतरी निराळंच आहे."

सूर्य टेकला होता. माझे हात गारठले होते, आणि आत ती म्हातारी बाई थंडीत बसली होती, माझ्या भरवशावर. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं.

आणि ते आले.

आधी वाटलं, लांबून मालगाडी येतेय. मग आभाळाची कडा हलायला लागली. एक ओळ, तिच्यामागे दुसरी, मग ओळी मोजता येईनात. आमच्या डोक्यावरून ते नदीकडे उतरत होते, लांब पाय खाली सोडून, आणि प्रत्येकाच्या गळ्यातून तो खर्जातला, गडगडणारा, हाक मारल्यासारखा आवाज. तो आवाज कानांनी ऐकू येत नव्हता, बरगड्यांत वाजत होता. तळावर कोणी हलेना. डेल्मरची कॉफी कलंडून बुटावर सांडत होती, त्याला पत्ता नव्हता. मी चिखलात गुडघे टेकलेले, हातात अडॅप्टर, तोंड उघडं. साठी उलटेपर्यंत या नदीपासून तासाभरावर राहिलो आणि हे कधी धड ऐकलं नव्हतं. दर वर्षी माझं काही ना काही चालू असायचं.

शेवटची ओळ पाण्यावर उतरली तेव्हा मी माफी मागायला आत गेलो. खिडकी सताड उघडी होती. सासूबाई साध्या गोधडीत बसल्या होत्या, गाल ओले, चेहरा एखाद्या मुलीसारखा. डोरीन त्यांच्या खांद्याला डोकं टेकून होती.

"आई, माफ करा. वीज काही..."

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. बोट अजून मोठ्या खटक्यावर होतं. खटका खाली.

"फार छान शिकवलंस हो," सासूबाई म्हणाल्या. "एक ओढला की सगळं गप्प." मग त्यांनी हळूहळू बाकीच्या खटक्यांवरून बोट फिरवलं. "डोरीन, यातला वर्लिनचा कोणता गं?"

"लग्नापासून शोधतेय, आई," डोरीन म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नदीवरून पुन्हा आवाज उठला. मी तोंड मिटलं आणि अडॅप्टर खिशात घालून त्यांच्या शेजारी बसलो.