चौथ्या मजल्यावरचा बर्फ

आईचं घर रिकामं करताना ताई आणि धाकटा इतक्या समजूतदारपणे वागत होते, की बघणाऱ्याला संशय यावा. शिलाई मशीन तू घे, नको गं, तूच घे. कपाट तुला, नको, तुझ्याकडे जागा आहे. आईला जाऊन दीड महिना झाला होता आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या वर्ष संपायच्या आत मालकाला परत करायच्या होत्या. दुपारपर्यंत सगळं वाटून झालं. इस्त्रीचा तर दोघांनी एकमेकांना इतका आग्रह केला, की शेवटी ती शेजारणीकडे गेली.

मग ताईने खिडकीखालचा खोका उघडला आणि चिंध्यांत गुंडाळलेला काचेचा गोळा बाहेर आला. पाण्याने भरलेला, आत लाल छपराचं घर आणि दोन झाडं. हलवला की आत बर्फ पडायचा. नाताळच्या महिन्यात आई तो खिडकीत ठेवायची आणि सकाळी मशीनवर बसण्याआधी एकदा हलवायची. दोघांचे हात एकदमच गोळ्यावर पडले आणि कुणीच आपला हात मागे घेतला नाही.

धाकट्याने सांगितलं, की हा बाबांनी माझ्या सहाव्या वाढदिवसाला आणला होता. ताईने आठवण करून दिली, की सातव्या वाढदिवसाला पत्र्याची मोटार मिळाल्यावर त्याने गोळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटची चार वर्षं आईचं कुणी केलं, असं ताईने विचारलं. करण्याचा विषय निघाला तर आपणही कधी नाही म्हटलं नाही, असं धाकटा म्हणाला.

“गेल्या नाताळात लिफ्ट बंद होती, तेव्हा कुठे होतास?” ताईने विचारलं.

हे धाकट्याच्या वर्मी लागलं, कारण लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता. शहरातल्या कितीतरी लिफ्टा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. आईच्या इमारतीतली लिफ्ट अकरा दिवस बंद होती, पण ते काम दुसऱ्या कंपनीकडे होतं आणि दुसऱ्यांच्या मशीनला हात लावायचा नसतो, हे त्याने आईला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. आईला ते पटलंही होतं. ती अकरा दिवस खाली उतरली नाही. ताई रोज चार जिने चढून दूध आणि भाजी पोचवत राहिली.

धाकट्याने गोळा कोटाच्या खिशात टाकला आणि फोटो काढून तेवीस तारखेला, किल्ल्या द्यायला येईन तेव्हा आणून देतो, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

घरी पोचेपर्यंत त्याला स्वतःची लाज वाटायला लागली होती. बायको म्हणाली, उद्याच नेऊन द्या आणि चुकलं म्हणा. पण चुकलं म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं, हातकाम मात्र जमायचं. त्याने ठरवलं, की हुबेहूब तसाच दुसरा गोळा घरी बनवायचा. आईचा ताईला द्यायचा आणि नवा आपल्याला ठेवायचा.

रविवारी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर गोळा उपडा केला. बुडाला रबराचं बूच होतं. ते कसं बसवलंय एवढंच बघायचं म्हणून त्याने कडेला स्क्रूड्रायव्हर लावला. बूच चाळीस वर्षांचं होतं, हलेना. त्याने जरा जोर लावला. बूच जागचं हललं नाही, काच मात्र तडकली आणि टेबलावर पाणीच पाणी झालं. टेबलावरच्या चादरीच्या सुरकुत्यांत बर्फ अडकून बसला आणि मधोमध लाल छपराचं घर तेवढं सरळ उभं राहिलं. बायको फडकं घेऊन आली. धाकट्याने बर्फ चमच्याने गोळा केला. जेमतेम अर्धा चमचा निघाला आणि त्यात बर्फ किती आणि पावाचा चुरा किती, हे सांगता येत नव्हतं.

आता एकाऐवजी दोन गोळे बनवणं आलं. गोदामात जुन्या लिफ्टच्या दिव्यांचे गोल काचेचे शेड पडले होते, त्यातले दोन त्याने आणले. बुडाला फिरवून आवळायची रिंग होती आणि माथ्यावर तारेचं भोक, त्याला त्याने बूच बसवलं. ते आईच्या गोळ्यापेक्षा बोटभर मोठे होते, पण ताई काही मोजपट्टी घेऊन येणार नव्हती. एकात आईचं घर बसलं. दुसऱ्यासाठी त्याने नळाची गळती बुजवायच्या पुट्टीचं घर बनवलं, छप्पर लाल रंगवलं. वाळताना पुट्टी खचली आणि ते घर शेजाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखं एका बाजूला कललं.

खरे नाकी नऊ आणले ते बर्फाने. साबण किसून टाकला तर हलवल्याबरोबर घर फेसात बुडालं. अंड्याची टरफलं कुटून टाकली, ती दगडासारखी खाली बसली आणि तिसऱ्या दिवशी वासही मारायला लागली. थर्माकोल टाकला तर बर्फ खालून वर पडायला लागला. ते बघून बायको सासू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

शेवटी पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणाचा कीस चालला. बर्फ सावकाश पडावा म्हणून पाण्यात ग्लिसरीन हवं होतं. दोन मोठ्या बाटल्या मागितल्यावर औषधवाल्याने त्याच्या हातांकडे बघितलं आणि भेगांसाठी मलम जास्त चांगलं, असं सुचवलं. ग्लिसरीन घातल्यावर धाकट्याने घड्याळ लावून मोजलं. बर्फ खाली बसायला अठरा सेकंद लागत होते. त्याने पुन्हा हलवून पुन्हा मोजलं. गेल्या नाताळात आई अकरा दिवस खिडकीशी बसून हेच बघत असणार, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. त्यानंतर त्याने मोजणं थांबवलं.

तेवीस तारखेला रिकाम्या खोलीच्या खिडकीत त्याने दोन्ही गोळे मांडले. आणखी एक बनवलाय, एवढंच तो ताईला म्हणाला. आईचं घर असलेला गोळा उचलून तिच्या हातात द्यायचा, असं जिना चढताना त्याने चार वेळा घोकलं होतं. पण ताईने आधीच दोन्ही गोळे एकेक करून हलवले, बराच वेळ बघितले आणि कललेल्या घराचा गोळा उचलला.

“हाच आईचा,” ती म्हणाली आणि शालीत गुंडाळून तिने तो पिशवीत ठेवला.

धाकट्याने उरलेला गोळा उचलला. किल्ल्या मालकाला देऊन दोघं आपापल्या वाटेने गेले. आईचं खरं घर छातीशी धरून तो चोरासारखा घरी आला. बायकोने गोळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं. ते जेवण त्याला गेलं नाही.

नाताळच्या सकाळी तो ताईकडे गेला. गोळा खिडकीत होता. त्याच्याखाली बशी होती आणि बशीत पाणी. ताई माथ्याचं बूच काढून ड्रॉपरने गोळ्यात थेंब थेंब पाणी भरत होती. गळतोय, ती म्हणाली, दोन दिवसांत छपरापर्यंत पाणी उतरलं.

धाकटा कोट न काढताच उभा राहिला. “ताई, त्यातलं घर मी बनवलंय. पुट्टीचं आहे. आईचा गोळा माझ्या हातून फुटला. तिचं घर माझ्याकडे आहे.”

“माहितीये,” ताई म्हणाली. “छपरावर तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय.”

त्याने वाकून तो ठसा बघितला. मग हाच का घेतलास, असं त्याने विचारलं.

“मी आईला रोज बघितलं,” ताई म्हणाली. “माझ्याकडे पुष्कळ आहे. तुझ्याकडे काय होतं?”

धाकटा खुर्चीत बसला आणि आई गेल्यापासून न रडलेलं सगळं रडला. ताईने त्याला रडू दिलं. ती ड्रॉपर भरत राहिली.

रडणं ओसरल्यावर तो उठला. हत्यारांची पिशवी त्याच्याबरोबर असायचीच. त्याने गोळा उपडा केला आणि बुडाची रिंग तपासली. दहा मिनिटांचं काम आहे, एकदा घट्ट बसवली की दहा वर्षं थेंबही गळणार नाही, असं तो नाक पुसत म्हणाला.

“इतकी पक्की नको करूस,” ताई म्हणाली. “आठवड्यातून एकदा तुला येऊन बघावं लागेल, एवढी गळू दे.”

ते कळायला त्याला एक क्षण लागला. मग त्याने रिंग आवळली आणि अर्धा फेरा उलटा फिरवला. दोघंही बशीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने एक थेंब पडला. एवढं पुरे का, असं त्याने विचारलं.

“अजून थोडी सैल,” ताई म्हणाली.