मान हलली की पान उलटायचं

"अगं, लोखंडी गर्डर विसाव्या मजल्यावर कपबशीसारखा अलगद टेकवणारा माणूस मी! मला कागद उलटायला शिकवतेस?"

क्रेनवाल्याने छाती फुगवली. बायकोने कपाळाला हात लावला. आज ती पहिल्यांदाच भरल्या सभागृहात, अख्ख्या वाद्यवृंदासोबत पियानो वाजवणार होती. आणि पानं उलटणारी मैत्रीण नेमकी तापाने फणफणली होती!

"पण तुला तर सगळं पाठ आहे ना?"

"आहे हो. पण समोर कागद नसला की माझा धीरच सुटतो. माझ्याकडे बघा. मान हलली की पान उलटायचं. दुसऱ्या कुणाकडे बघायचं नाही!"

"लग्नापासून दुसरं काय करतोय!"

घात केला तो धंद्याने. क्रेनमध्ये बसलेला माणूस स्वतःचं डोकं चालवत नाही. समोरचा हाताने खुणा करतो, हा माल हलवतो. आणि इथे समोर, चांगले चौथऱ्यावर चढून, वाद्यवृंदाचे संचालक दोन्ही हातांनी खुणा करत होते!

पहिली पानं झकास उलटली. मग व्हायोलिनवाल्यांचा आवाज चढवायला संचालकांनी तळहात वर नेला. क्रेनवाल्याने पानांचा गठ्ठाच वर उचलला.

"अहो, ठेवा ते!" बायको ओठ न हलवता पुटपुटली.

"खूण नाही."

संचालकांचा हात डावीकडे वळला. गठ्ठा डावीकडे निघाला आणि सेलोवाल्या बाईंच्या अंबाड्यावरून सुखरूप पार झाला. संचालकांनी डोळे वटारून 'लांब हो!' असा हात झटकला. क्रेनवाला लांब झाला, थेट मोठ्या ड्रमपाशी. तळहात खाली, गठ्ठा खाली. ड्रम वीतभर उरला आणि संचालकांनी मूठ आवळली. मूठ म्हणजे थांब! गठ्ठा जागच्या जागी अधांतरी.

"अहो भाऊ, सरका! मला वाजवायचंय!" ड्रमवाला कळवळला.

"माल लटकलाय, दादा. मध्ये येऊ नका."

इकडे बायकोसमोर नुसता रिकामा स्टँड! पण बोटं कुठली थांबतायत! महिनाभर ती ओट्यावर, उशीवर, रात्री नवऱ्याच्या पाठीवरसुद्धा हेच वाजवत होती. ड्रमपाशी पुतळा झालेली ती पाठ तिला दिसली, हसू फुटलं, आणि पुढचं सगळं ती त्या पाठीकडे बघून वाजवत गेली.

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या संपल्या, लोक पांगले, ड्रमवालाही ड्रमला खोळ घालून निघून गेला. बायको फुलं घेऊन धावत आली.

"अहो, एकही चूक झाली नाही माझी!"

"माझीही नाही," क्रेनवाला म्हणाला. "फक्त हात भरून आलेत."

"मग ठेवा की खाली!"

"खूण?"

तिने हसून मान हलवली.

त्याने पान उलटलं.