सुव्यवस्थित बुडण्याचे नियम आणि ट्वायलाबाईंचं चिकन

बुडणं कोणालाच चुकलेलं नाही. प्रश्न असतो तो फक्त शिस्तीचा. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला बुडतो तेव्हा शटर ओढतो, बायकोशी भांडतो आणि मेहुण्याकडे राहायला जातो. हे झालं गावठी बुडणं. मोठ्या वित्तकंपनीला असलं काही शोभत नाही. तिने शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर बुडायचं, शनिवार-रविवार नीट बुडून राहायचं आणि सोमवारी सकाळी आठ वाजता नव्या नावाने उघडायचं, असा सरकारी नियम आहे. याला सुव्यवस्थित अवसायन म्हणतात. (घरी बायकोला सांगताना मी 'गाशा गुंडाळणं' म्हणतो.)

मी वॉशिंग्टनच्या अवसायन खात्यात उभी हयात काढली आहे आणि छातीठोकपणे सांगतो, आमच्या हाताखाली बुडालेल्या एकाही कंपनीने आरडाओरडा केलेला नाही. आरडाओरडा झालाच तर तो बाहेरच्या लोकांनी केला, आणि बाहेरचे लोक आमच्या कक्षेत येत नाहीत.

मोठ्या कंपनीने धडधाकट असतानाच स्वतःचं मृत्युपत्र करून आमच्याकडे द्यायचं असतं. शार्लट गावच्या मॅग्नोलिया युनिव्हर्सल बँकेचं मृत्युपत्र दरवर्षी हातगाडीवरून यायचं. ते मी वाचलेलं आहे (अनुक्रमणिका). त्याचा मथितार्थ असा, की आम्ही बुडालो तर आम्हाला हॉर्नबीम ट्रस्ट विकत घेईल. हॉर्नबीम ट्रस्टच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की आम्हाला मॅग्नोलिया विकत घेईल. आम्ही दोन्ही मंजूर केली, कारण दोन्हींत समास व्यवस्थित सोडला होता.

मग मॅग्नोलिया बुडाली. तिने गोल्फच्या मैदानांना भरमसाट कर्जं दिली होती. मैदानं नव्हती. (गवत होतं.)

आमचं काम अतिशय गुप्त असतं. आम्ही चाळीस जण शार्लटच्या हॉटेलात 'दंतवैद्यांचं संमेलन' या नावाने उतरलो. ओळखू येऊ नये म्हणून साधे कपडे घालायचा हुकूम होता, आणि साधे कपडे म्हणजे काय हे परिपत्रकात दिलेलं असल्यामुळे चाळिसांनीही एकसारख्या खाकी पँटी घातल्या होत्या. बुधवारी मी केस कापायला गेलो, तर न्हावी म्हणाला, "साहेब, मॅग्नोलिया बुडवायला आलात ना? मग शुक्रवारी गाडी चर्चच्या मागे लावा. बँकेसमोर काय जागा मिळायची नाही." मी गुप्तता राखून फक्त "मागे जरा बारीक करा" एवढंच बोललो.

शुक्रवारी पाचच्या ठोक्याला आम्ही आत शिरलो. अध्यक्ष ब्रॅडफर्ड हॉलिंग्जवर्थ (तिसरे) दारातच उभे होते. "या, या," ते म्हणाले. "मला वाटलं साडेचारलाच येताय. गोल्फला उशीर झाला ना राव!"

कुलपं बदलली, पाटी उतरवली, संगणकांवर जप्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मग नियमातलं ते एक कलम आडवं आलं.

कलम म्हणतं, की कंपनीच्या ऱ्हासाला जबाबदार असलेलं व्यवस्थापन हटवल्याशिवाय कंपनी पुन्हा उघडता येणार नाही. कलम फार सुंदर आहे. त्यात एवढीच एक मेख आहे, की त्यासाठी जबाबदार व्यवस्थापन सापडावं लागतं. माझ्या वरिष्ठ पेल्टियर मॅडम फोनवर म्हणाल्या, "सोमवारी लोकांची कार्डं चालली नाहीत तर आपलं काही खरं नाही. कोणीतरी शोधा. शक्यतो आजच."

आम्ही शोध सुरू केला. वरच्या तीन मजल्यांवर नुसते उपाध्यक्षच बसत. गोल्फच्या कर्जांचा निर्णय कोणी घेतला, असं प्रत्येकाला विचारलं. उत्तरं खालीलप्रमाणे :

निर्णय झाला तेव्हा मी सुट्टीवर होतो, असं म्हणणारे : निम्मे.
मी हजर होतो, पण मान हलवली ती मान अवघडली म्हणून : नऊ.
निर्णय घेणं माझ्या कामात बसत नाही, मी फक्त दिशा देतो : अकरा.
मी उपाध्यक्ष आहे हे मला आजच कळलं : एक. (याच्या चेहऱ्यावरून तो खरं बोलत असावा.)

शनिवारी दुपारी मी टेकीला आलो. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून खाली कँटीनमध्ये गेलो. तिथे ट्वायला रुड नावाच्या बाई होत्या. उंचीने बेताच्या, आवाजाने बेताच्या नाहीत. कंपनी बुडाली म्हणून त्या घरी गेल्या नव्हत्या.

"चाळीस माणसं वर राबतायत, ती काय वारा खाऊन राहणार?" त्या म्हणाल्या. "बस राजा, तिथे बस. खिडकीपाशी नको, तिथे ऊन लागतं. चिकन घे. कोबीपण घ्यायचा, तोंड वाकडं करायचं नाही."

मी बसलो. कोबीही घेतला. आणि कबूल केलं पाहिजे, ते तळलेलं चिकन खाताना माझे डोळे भरून आले. असं चिकन आख्ख्या वॉशिंग्टनात मिळत नाही.

हॉलिंग्जवर्थ माझ्या शेजारीच बसून हाड चोखत होते. ते एकदम म्हणाले, "तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी विचारणारच होतो."

"काय विचारणार होतात?"

"की ही मैदानं आहेत कुठे? बैठकीत तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात या बाईंनी ताट पुढे ठेवलं. मग काय, राहूनच गेलं."

माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला. त्यापुढचा विचार मी नियमाला धरूनच केला. ज्या प्रश्नाने कंपनी वाचली असती तो प्रश्न चिकनमुळे थांबला. त्या दिवशी चिकन करायचं, हे कोणी ठरवलं?

"मी," ट्वायलाबाई म्हणाल्या. "गुरुवार होता. गुरुवारी चिकन."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? ह्यांना विचारत बसले असते तर उपाशी मेले असते सगळे. मी ठरवते आणि करते."

वीस वर्षांत मॅग्नोलियात निर्णय घेतल्याची कबुली देणारी ही पहिली व्यक्ती. नियमातली व्याख्या स्पष्ट आहे : जो निर्णय घेतो आणि अमलात आणतो, तो व्यवस्थापन. मी हात पुसले, उभा राहिलो आणि त्यांचं अभिनंदन केलं.

"म्हणजे मला काढताय?" त्यांनी विचारलं.

"सन्मानपूर्वक," मी म्हणालो.

त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच बसलेल्या पाहिल्या. "अरे बाबा," त्या म्हणाल्या, "बुधवारी फेरलच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. आमचे हे. दोन वर्षं झाली, धड उठता येत नाही त्यांना. विमा माझ्या नोकरीवर आहे. नोकरी गेली की विमा गेला, मग ऑपरेशन कुठलं? तू बुधवारनंतर काढ ना मला. मी कुठे पळून जातेय?"

मला वाईट वाटलं. वाईट वाटण्यावर नियमात बंदी नाही. पण बुधवार सोमवारनंतर येतो, आणि कंपनी सोमवारी उघडायची होती. मी हे त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मला आणखी कोबी वाढला.

कायदा एवढ्यावर थांबत नाही. तो भ्रष्ट माणसाला सहजासहजी सोडत नाही. जबाबदार व्यवस्थापनाला मागच्या दोन वर्षांत मिळालेली बक्षिसी परत करावी लागते. हॉलिंग्जवर्थ यांची बक्षिसी जबाबदारीअभावी शाबूत राहिली. ट्वायलाबाईंना नाताळात दरवर्षी एक हॅम (डुकराची खारवलेली अख्खी तंगडी) मिळत असे. म्हणून दोन हॅम परत मागवण्यात आले. एक फ्रीजरमध्ये होता, तो जप्त केला. दुसरा खाल्ला गेला होता. त्यात फेरलचा हात असल्याने तोही चौकशीखाली आहे.

तरीही आमचा कायदा आंधळा नाही. निष्कर्ष कायम होण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. कोणीही यावं आणि एका वाक्यात हरकत घ्यावी. एक जरी हरकत आली तरी माणूस महिनाभर कामावर राहतो, विम्यासकट. मी गावभर नोटिसा लावल्या आणि रविवारी दुपारी एकची वेळ ठेवली.

गाव पेटून उठलं. सकाळी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी ट्वायलाबाईंचं नाव घेऊन प्रार्थना केली. बायका रडल्या. न्हावी मला रस्त्यात अडवून म्हणाला, "लाज नाही वाटत? त्या माउलीने अर्ध्या गावाला जेवायला घातलंय!" मी त्याला म्हटलं, हेच एक वाजता येऊन सांगा. "येणारच!" तो म्हणाला. "सगळं गाव येईल, बघाच तुम्ही!"

एक वाजता सभागृहात दोनशे खुर्च्या आणि मी होतो. सव्वा वाजता दार उघडलं. ट्वायलाबाई आल्या, हातात झाकलेला ट्रे.

"आलं कोणी?"

"नाही अजून."

"मॅच आहे रे आज," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला वाटलं असणार, बाकीचे जातीलच. घरी मात्र सगळे येऊन गेले हो. केळ्याच्या पुडिंगचे एवढे वाडगे आलेत, ठेवायला जागा नाही. ते फेरल बसलेत खात, उठता येत नाही म्हणून." मग ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "मीच घेतली हरकत तर?"

"स्वतःच्या बाबतीत चालत नाही," मी म्हणालो. मी घेतली तर चालते का, हे मी नियमात पाहिलं नाही. पुस्तक हॉटेलवर होतं.

दोन वाजता मी सुनावणी संपवली. सोमवारी आठच्या ठोक्याला 'नवी मॅग्नोलिया' उघडली. कार्डं चालली. सगळे उपाध्यक्ष जागेवर होते, आणि अनुभवी माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांना पगारवाढ देण्यात आली. कँटीनमध्ये गुरुवारी काय करायचं हे ठरवण्यासाठी समिती नेमली आहे. सध्या सगळे बिस्किटं खातात. बुधवारी फेरल खुर्चीतच होते. करदात्याचा एक सेंटही खर्च झाला नाही. वॉशिंग्टनने या प्रकरणाला आदर्श म्हणून गौरवलं.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. खाल्लेल्या हॅमची चौकशी अजून चालू असल्याने हरकतींची मुदत संपलेली नाही. जगातल्या कोणालाही, कोणत्याही भाषेत, फुकटात हरकत घेता येते. पत्ता मागाल तर देतो. आजपर्यंत कोणी मागितलेला नाही. आत्ता तुम्ही हे वाचताना मध्ये एकदा चुकचुकलात, तेही आमच्यापर्यंत पोचलं. चुकचुकण्याचा वेगळा रकाना आमच्याकडे नसल्यामुळे ते 'हरकत नाही'खाली नोंदवून घेतलं आहे.